मधल्या खोलीचा मालक

भाडेकरूने अंगाला साबण लावलेला असताना त्यास न्हाणीघराबाहेर काढण्याचा अधिकार घरमालकास कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये प्राप्त होतो, असा प्रश्न मी चंद्रपुरातील आमच्या घरमालकांना लेखी विचारला होता. पत्राची एक प्रत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागास दिली आणि एक प्रत दैनिकाच्या संपादकांस. आरोग्य विभागाने ही बाब आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे कळवले. संपादकांनी काहीच कळवले नाही. घरमालकांनी मात्र त्याच संध्याकाळी उत्तर दिले, आणि तेही तोंडी. लेखी उत्तर देणे त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

"कलमभाऊ, तुमाले काढलं नाई. तुमाले थांबवलं. काढणं येगळं, थांबवणं येगळं. साबण कुठवर लागला ते ध्यानात ठेवायचं आन् पुढचा नंबर आला का तिथूनच चालू करायचं. कम्प्युटर असंच करते."

मी त्यांना स्पष्टपणे बजावले की मी कम्प्युटर नाही, मी जिल्हा कार्यालयातील अव्वल कारकून आहे. त्यावर ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "तेच तं. तुमी प्रोग्राम आहा."

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझी सिंदेवाहीहून चंद्रपूरला बदली झाली. कुटुंब सिंदेवाहीलाच राहिले आणि मी शहराच्या जुन्या परकोटाच्या, म्हणजे तटाच्या, आत एक खोली भाड्याने घेतली. घरमालक एका वीज केंद्राच्या संगणक कक्षातून निवृत्त झालेले. पत्नी निवर्तल्या होत्या, मूलबाळ नव्हते. सर्व भाडेकरू त्यांना काकाजी म्हणत, आणि ते मला कलमभाऊ म्हणत. मी बोलताना कायद्याची कलमे सांगतो, हे त्याचे कारण. या नावाविरुद्ध मी दोनदा लेखी हरकत नोंदवली आहे.

घर असे होते: अंगण, अंगणाभोवती तीन भाड्याच्या खोल्या, एक न्हाणीघर, एक पाण्याची मोटर, चाके लावलेला एक कूलर, आणि या सर्वांच्या मधोमध काकाजींची स्वतःची खोली. विजेचा मुख्य बोर्ड त्या खोलीत. मोटरचे बटण त्या खोलीत. पाण्याचा मुख्य नळ, कूलरचा ताबा, माळ्याची किल्ली, वर्तमानपत्राचा पहिला हक्क, सारे काही त्या मधल्या खोलीत. त्या खोलीत भाडेकरूस प्रवेश नव्हता. अंगणाकडे उघडणारी एक लहान खिडकी होती. पाणी हवे असल्यास खिडकीशी उभे राहून मागायचे. काकाजी "ठीक हाये" म्हणत, आत जात, आणि मग मोटर चालू होई. मोटरचे बटण स्वतः दाबू देण्याची विनंती मी पहिल्याच आठवड्यात केली होती.

"नाई," ते म्हणाले. "प्रोग्रामनं मशीनले हात लावायचा नाई. मागायचं. दोघातिघांनी संगे हात लावला का मशीन कोणाचंच राह्यत नाई. मधात एक जण पाह्यजे. त्यालेच ऑपरेटिंग सिस्टिम म्हंतात."

"आणि त्या मधल्या माणसाची नेमणूक कोणी केली?"

"घर कोणाचं हाये?"

हा युक्तिवाद नव्हे, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले.

त्यांची सकाळ पाहण्यासारखी असे. जाग आल्यावर ते लगेच उठत नसत. पडल्या पडल्या आधी हाताची बोटे हलवत, मग पायाची, मग चष्मा चाचपून पाहत, मग स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत. सर्व अवयव जागेवर असल्याची खात्री झाली की नळ तपासायचा, मग मोटर, मग बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी पितळी घंटा वाजवून भाडेकरूंना उठवायचे. हा क्रम कधीही बदलला नाही. एकदा एसटीच्या कंडक्टरने, जो माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे, त्यांना झोपेतून हाक मारून लवकर उठवले. काकाजींनी डोळे न उघडता खिडकीतून सांगितले, "अजून मी सुरू नाई झालो." आणि पुन्हा बोटांपासून आरंभ केला.

या कंडक्टरबद्दल दोन शब्द. तो मूल गावचा, देहाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला. गाडीत पन्नास माणसे कोंबणारा हा गृहस्थ घरी मात्र न्हाणीघरात शिरला की बाहेर निघण्याचे नाव घेत नसे. घंटा वाजली की असेल तसे न्हाणीघर सोडायचे, हा नियम मुळात त्याच्यामुळे झाला, आणि त्याची शिक्षा निष्कारण मी भोगली.

दुसरा नियम माळ्याचा. खोल्या लहान असल्यामुळे, जी वस्तू बरेच दिवस कोणी हाताळली नाही ती काकाजी उचलून माळ्यावर टाकत. तीच वस्तू परत हवी असल्यास खोलीतील दुसरी एखादी वस्तू वर जाई. "जागा तेवढीच हाये. काम चालू हाये ते खाली, झोपलेलं ते वर." या न्यायाने एका डिसेंबरात मी छत्री खाली मागितली आणि माझी रजई वर गेली.

वर्तमानपत्र सर्वांनी वाचावे, पण शब्दकोड्यात अक्षर घालण्याचा अधिकार एकट्या काकाजींचा. कंडक्टरने एकदा पेन्सिलीने एक आडवा शब्द भरला. त्याला आठवडाभर वर्तमानपत्र खिडकीच्या गजाआडून वाचावे लागले.

आणि मोटर. ती मोटर केवळ काकाजींनाच ओळखे. बटण दाबल्यावर ती नुसती गुरगुरत राही. मग काकाजी पायातली लाकडी खडाव काढून तिच्या बुडाशी एका विशिष्ट जागी ठोका देत आणि पाणी चढू लागे. मी नवीन मोटरसाठी रीतसर अर्ज दिला. "मोटर चांगली हाये," ते म्हणाले. "तिची भाषा मले येते. तुमाले नाई येत म्हून ते खराब ठरते का?"

त्यांचा एक अभिमान होता. निवृत्तीनंतर घर बांधले तेव्हापासून ते एकदाही पूर्ण बंद पडलेले नाही, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत. वीज गेली तरी मधल्या खोलीत बॅटरीवर एक दिवा जळत असे. त्या दिव्याचा उजेड कोणाच्याही कामाचा नव्हता. "उजेडासाठी नाई तो," ते म्हणत. "घर चालू हाये हे सांग्यासाठी हाये."

तिसऱ्या खोलीत एक परिचारिका राहत असे. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गावची. घरची भाषा गोंडी. सरकारी दवाखान्यात ती कंत्राटावर होती आणि दरवर्षी ते कंत्राट वाढेल की नाही या टांगणीवर तिचे वर्ष जाई. रात्रपाळी करून ती सकाळी परत येई तेव्हा चंद्रपूरचा मे महिना भट्टीसारखा तापलेला असे, आणि काकाजी दुपारचा कूलर ढकलत तिच्या खोलीत नेऊन लावत. आधी मागणी मी नोंदवलेली असताना कूलर तिला का, असे मी विचारले.

"तुमी दुपारी कूलरमधी काय करता?"

"विश्रांती."

"ते झोपते. नाई झोपली तं रात्री कोणाच्या तरी पोराले सुई चुकीची टोचन. ज्याच्या थांबण्यानं जास्त अडते, त्याचा नंबर आधी. मांग कोण उभा हाये ते मंग पाह्यचं."

मी यास पक्षपात म्हटले. आजही म्हणतो. परंतु परिचारिकेने मला संध्याकाळी आंबील आणून दिली आणि म्हणाली, "भाऊ, रागावू नका. रविवारचा माझा नंबर तुमाले." त्यामुळे ती तक्रार मी वर पाठवली नाही.

त्या वर्षी कायम पदांची भरती निघाली. परीक्षा संगणकावर, केंद्र गडचिरोलीला, सत्र सकाळचे. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. चंद्रपूरहून गडचिरोलीची पहिली गाडी पहाटेची. तीच वेळेत पोहोचणारी. दुसरी गाडी पोहोचेपर्यंत केंद्राचे फाटक बंद. आणि त्या दिवशी पहिल्या गाडीवर कामगिरी होती ती आमच्याच कंडक्टरची. "सिस्टर, तुमी फिकर नका करू," त्याने आदल्या दिवशी ग्वाही दिली. "माह्याशिवाय गाडी हलत नाई आन् तुमच्याशिवाय मी हलत नाई."

नेमके त्याच आठवड्यात काकाजींनी माझी कायद्याच्या पुस्तकांची पेटी माळ्यावर टाकली. कारण काय, तर पुस्तके उघडलेली दिसली नाहीत. जी मुखोद्गत आहेत ती कशाला उघडायची? मी नोटीस दिली: पेटी पूर्वस्थितीत येईपर्यंत माझ्या खोलीतील कूलर "जैसे थे" राहील, माझ्या नंबरची वेळ संपल्यानंतरही तो परत केला जाणार नाही, आणि दारास आतून कडी असेल. रात्रभर कूलर चालू राहिला. कूलर आणि मोटर एकत्र चालल्यास फ्यूज उडत असे, म्हणून रात्री टाकीत पाणी चढले नाही.

पहाटे मला कंडक्टरच्या आरोळीने जाग आली.

"काकाजी! पाणी गेलं! डोयात साबण हाये ना बाप्पा!"

"बाहेर निंघा," काकाजी खिडकीतून म्हणाले.

"कसा निंघू? सिस्टर अंगणात उभी हाये!"

"पाठ फिरवते मी, निंघा तुमी!" परिचारिका म्हणाली. ती तयार होऊन, पिशवी खांद्याला लावून उभी होती.

"मंग असा साबणानं भरलेला तिकिटा फाडू का? मोटर चालू करा!"

काकाजींची खडाव माझ्या दाराशी वाजली. "कलमभाऊ, कूलर बंद करा. मोटर लावायची हाये."

"पेटी पूर्वस्थितीत आणावी. नोटीस पाहावी."

"पेटी माळ्यावर हाये."

"मग उतरवावी."

"माळ्याचं दार न्हाणीघराच्या आतून हाये. आन् आत हे बसले हायेत."

"मग पेटी आज उतरवू असे लिहून द्यावे."

"मी लिहून देत नाई."

"मी तोंडी स्वीकारत नाही."

मग काकाजींचा आवाज आला, आणि असा आनंद मी त्या माणसाच्या आवाजात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"डेडलॉक!" ते ओरडले. "अरे हा तं डेडलॉक हाये! सिस्टरबाई, इथी या, पाहा!"

मी दाराच्या फटीतून पाहिले. काकाजी खडूने अंगणाच्या भिंतीवर गोल काढत होते. "हे कलमभाऊ. यायच्यापाशी कूलर, यायले पाह्यजे पेटी. पेटी हाये माळ्यावर, माळा कंडक्टरच्या ताब्यात. कंडक्टरले पाह्यजे पाणी. पाण्याले पाह्यजे मोटर, मोटरले पाह्यजे कूलर बंद. कूलर कोणापाशी? कलमभाऊपाशी! आला का नाई फिरून तिथीच? सारी नोकरी गेली, पुस्तकात वाचलं, असं डोयानं पाह्यलं नोतं!"

"काकाजी, गाडीचा टाइम होऊन राह्यला!"

"थांब पोरी. हे असं परत पाहाले भेटत नाई. आता याले इलाज एकच. यातल्या एका प्रोग्रामले मारा लागते."

"कोणाले?" न्हाणीघरातून आवाज आला.

"तेच पाहून राह्यलो. ज्याच्या मरण्यानं कमी नुकसान..."

यावर परिचारिका गोंडीत काहीतरी म्हणाली. शब्द मला समजले नाहीत, आशय समजला. तिने पिशवी खाली ठेवली, मधल्या खोलीचे दार ढकलले आणि आत गेली. मी त्या घरात इतकी वर्षे राहिलो, त्या दारातून भाडेकरू आत गेलेला तेवढाच पाहिला. आतून खट्ट असा आवाज आला. कूलर थांबला, पंखा थांबला. मागोमाग बॅटरीचा तो दिवाही तिने विझवला. घर बंद झाले.

काकाजी खडू हातात धरून तसेच उभे राहिले.

उकाड्यामुळे नव्हे, तर या बेकायदा कृत्याचा जागीच निषेध नोंदवावा म्हणून मी कडी काढली. परिचारिका माझ्या बाजूने सरळ आत शिरली, कूलरची वायर सॉकेटमधून उपटली आणि कूलर ढकलत अंगणात आणला.

"सिस्टर, हा अनधिकृत प्रवेश आहे," मी म्हणालो.

"हो भाऊ. संध्याकाळी पोलिसात द्या. आता बाजूले व्हा."

तिने मुख्य बटण पुन्हा चालू केले, मोटरचे बटण दाबले. मोटर गुरगुरू लागली. पाणी चढेना. तिने इकडे मारले, तिकडे मारले. मोटर तिला ओळखत नव्हती.

तिने वळून काकाजींकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होते, पण स्वर कोरडा होता. "काकाजी, मी तुमच्या खोलीत गेली. नियम मोडला. त्याची जे काही शिक्षा असंन ते द्या. पण मी आज नाई पोहोचली तं परत या नोकरीत नाई. तुमी सांगा, मारू कुठी?"

काकाजी भिंतीवरची आपली आकृती एकदा पाहून आले, मोटरशी बसले, पायातली खडाव काढली आणि ठोका दिला.

पाणी चढले. कंडक्टर अर्धा ओला, अर्धा गणवेशात, बुटाची नाडी न बांधता बाहेर पळाला. त्याच्या पुढे परिचारिका पळत होती. गल्लीच्या टोकाला लागलेल्या रिकाम्या ऑटोला त्याने दिलेली हाक परकोटाबाहेर गेली असावी.

त्या दिवशी घरात घंटा वाजली नाही. काकाजी मधल्या खोलीत दार सताड उघडे ठेवून बसून होते. टाकी भरून वाहू लागली, मी खिडकीशी जाऊन सांगितले, तर म्हणाले, "तुमीच बंद करा." मी बटण दाबले. इतकी वर्षे मागितलेला तो अधिकार मला मिळाला आणि त्यात काहीही आनंद झाला नाही. रजा टाकली होती, म्हणून दुपारीही मी घरीच होतो. ते मला म्हणाले, "पोहोचली असंन का?" मी म्हणालो, कंडक्टरची ग्वाही तोंडी आहे, तिच्यावर विसंबता येत नाही. मग आम्ही दोघे फाटकाकडे तोंड करून बसलो.

ती संध्याकाळी आली. फाटकातूनच म्हणाली, "ते लोकं दार लावूनच राह्यले होते. कंडक्टरभाऊ आधी उतरले आन् दारात पाय घातला. म्हणे, माही प्रवासी हाये, आत पोहोचवल्याबिगर माही ड्युटी संपत नाई."

काकाजींनी पहिले विचारले ते पेपरबद्दल नव्हे. "काई खाल्लं का?" मग म्हणाले, "कसा गेला?"

"बरा गेला. कम्प्युटरचेही प्रश्न होते. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम कोणतं, असा एक होता."

काकाजी उठून उभे राहिले. "मंग? तू काय मारलं?"

"चार पर्याय होते. मेमरी सांभाळणे, फाइली सांभाळणे, उपकरणं सांभाळणे आन् वरील सर्व. मी वरील सर्व मारलं. 'भाडेकरूले तरास देणे' हा पर्याय असता तं तोच मारला असता."

मी हसलो, हे कबूल करतो. काकाजी हसले नाहीत.

"तीनच कामं?" ते संतापून म्हणाले. "आन् नंबर कोणाचा ते कोण ठरवंन? कोणाले कुठी जाऊ द्यायचं, कुठी नाई, ते कोण पाह्यन? अडकलं तं सोडवंन कोण? हे वरील सर्व झालं का? कलमभाऊ! कागद काढा. लिहा त्यायले!"

आमच्या साऱ्या ऋणानुबंधात त्यांनी मला पत्र लिहिण्यास सांगितले ते हेच एकदा. मी परीक्षा मंडळास सविस्तर निवेदन लिहिले: प्रश्नातील पर्याय अपुरे असून "वरील सर्व" ही शब्दयोजना दिशाभूल करणारी आहे. खाली आम्हा दोघांच्या सह्या. उत्तर आले नाही.

निकाल मात्र आला. ती कायम झाली. नेमणूक तिच्याच जिल्ह्यात, तिच्या गावापासून फार दूर नसलेल्या एका आरोग्य केंद्रात. ती गेली त्या दिवशी काकाजींनी तिचे सामान स्वतः ऑटोत ठेवले आणि पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट केली: तिच्या पाण्याच्या बाटलीत माठातले पाणी भरून दिले, न मागता.

आता मी माझ्या शेवटच्या तक्रारीकडे येतो. भाडेकरूने खोली सोडली की काकाजी त्याच तासाला ती झाडून काढत, दारावर खडूने "मोकळी" असे लिहीत आणि संध्याकाळपर्यंत नवा माणूस आत घेत. जागा अडवून ठेवणे हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा होता. ती गेल्यावर त्यांनी खोली झाडली, पण दारावर काही लिहिले नाही. एक बँकेतला मनुष्य विचारायला आला. त्याला नाही म्हणाले. एक शिक्षिका आली. तिलाही नाही म्हणाले. पावसाळा संपला, दिवाळी गेली. खोली तशीच. रोज सकाळी बोटांपासून आरंभ होई, नळ, मोटर, बोर्ड, घंटा, आणि मग काकाजी त्या रिकाम्या खोलीचे दार उघडून आत एकदा पाहून घेत.

मी नोटीस दिली. आपण घालून दिलेल्या नियमांनुसार वापरात नसलेली जागा तात्काळ मोकळी करणे बंधनकारक असून, माझी रजई व पुस्तकांची पेटी माळ्यावर असताना एक संपूर्ण खोली विनावापर ठेवणे हा उघड भेदभाव आहे; सबब खुलासा व्हावा.

ते खिडकीत आले. नोटीस त्यांच्या हातात होती. त्यांनी तिची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घडी घातली.

"कलमभाऊ," ते म्हणाले, "सिस्टिम सारी जागा वाटून देत नाई. थोडी सोतासाठी ठेवते. तेवढी नाई ठेवली तं ते चालंन कशी?"

आणि खिडकी लावून घेतली.

हा खुलासा कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी अपुरा आहे, असे मी त्यांना दुसऱ्याच दिवशी लेखी कळवले. त्यास उत्तर आले नाही. पुढे निवृत्त होऊन सिंदेवाहीला परतेपर्यंत मी त्या घरात राहिलो. स्मरणपत्र पाठवले नाही.